केमो चालू असताना मूत्रपिंडासाठी काढा द्यावा का?

हळदीतील करक्युमिन, कांद्यातील क्वेर्सेटिन, आल्यातील जिंजेरॉल, द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल, ग्रीन टीमधील ईजीसीजी; केमोथेरपीच्या विषारी परिणामांपासून मूत्रपिंडाच्या पेशींना वाचवणाऱ्या नैसर्गिक संयुगांवरील शोधनिबंध शोधू लागले की यादी संपता संपत नाही. नोकरीची बहुतेक वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे घरात कोणाची केमो सुरू झाली की पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या नातेवाइकांचा फोन मला येतो, आणि डॉक्टरांसमोर विचारायला संकोच वाटलेला प्रश्न माझ्यापुढे येतो: ‘किडनीसाठी काही घरगुती देऊ का?’ फोनवर दिलेले उत्तर नेहमी तुटक राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मूत्रपिंडाच्या दृष्टीने केमोथेरपीची सगळी औषधे सारखी नाहीत. मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा दिली तर ते लघवीत स्फटिकरूपाने साचून नलिका तुंबवू शकते, आणि त्यासाठी लघवी अल्कधर्मी ठेवणे व ल्युकोव्होरिन देणे हे उपाय ठरलेले आहेत. आयफोस्फामाइडचा त्रास वेगळा आहे. त्याच्यासोबत दिले जाणारे मेस्ना हे औषध मूत्राशय वाचवते, मूत्रपिंड मात्र वाचवत नाही. नैसर्गिक संयुगांवरचे बहुतेक संशोधन ज्या औषधाभोवती फिरते ते सिस्प्लाटिन आहे. म्हणून पुढचे सगळे विवेचन त्याच्याविषयीच आहे.

प्लॅटिनमचा हा साधासा क्षार इटालियन रसायनज्ञ मिकेले पेरोने याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच बनवला होता, परंतु त्याचा औषधी गुण उघड झाला तो 1965 साली, तोही योगायोगाने. अमेरिकेतील मिशिगन येथे बार्नेट रोझेनबर्ग हे जिवाणूंवर विद्युतक्षेत्राचा परिणाम पाहत होते. जिवाणू मरत नव्हते, पण विभाजन थांबून ते लांबच लांब तंतूंसारखे वाढत होते. हा परिणाम विजेचा नसून प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून द्रावणात उतरलेल्या संयुगांचा आहे, हे पुढे सिद्ध झाले, आणि 1978 साली सिस्प्लाटिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. वृषणाचा पसरलेला कर्करोगही बहुसंख्य रुग्णांत बरा होऊ शकतो, तो प्रामुख्याने या औषधामुळे. आपल्याकडे तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रेडिएशनसोबत तेच देतात, म्हणून गोव्यातल्या घराघरांतूनही त्याचे नाव ऐकू येते.

मूत्रपिंडाला होणाऱ्या विषबाधेमुळे हे औषध सुरुवातीच्या काळात जवळजवळ सोडून दिले जाणार होते. ते टिकले, कारण 1970 च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले की औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन देऊन लघवीचे प्रमाण वाढवले तर इजा बरीच कमी होते. तरीही साधारण एकतृतीयांश रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचे कार्य काही ना काही प्रमाणात घटते.

ही इजा कशी होते, हे समजल्याशिवाय कोणत्याही काढ्याविषयी मत देण्यात अर्थ नाही. मूत्रपिंडातील गाळण्यांपुढे ज्या सूक्ष्म नलिका सुरू होतात, त्यांच्या पहिल्या भागातील पेशींवर ओसीटी-2 नावाचे वाहक प्रथिन असते. रक्तातील टाकाऊ पदार्थ आत ओढून लघवीत टाकणे हे त्याचे नित्याचे काम आहे, आणि सिस्प्लाटिनलाही ते त्याच तत्परतेने आत घेते. परिणामी या पेशींमधील औषधाचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या सुमारे पाचपट होते. पेशीत शिरल्यावर औषधातील क्लोरीनचे अणू सुटतात, उरलेले प्लॅटिनम डीएनएला आणि प्रथिनांना चिकटते, पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया कोलमडतात, ऑक्सिजनची मुक्त मूलके (पेशीला इजा करणारे अतिक्रियाशील कण) वाढतात, दाह पेटतो आणि अखेरीस पेशी मरते. शिवाय मॅग्नेशियम परत शोषून घेण्याची नलिकांची क्षमता बिघडते, त्यामुळे ते लघवीवाटे वाहून जाते. आणि मॅग्नेशियम घटले की मूत्रपिंडाची इजा आणखी वाढते.

नैसर्गिक संयुगांचा दावा या साखळीतील मुक्त मूलके आणि दाह या दोन कड्यांवर उभा आहे. हळदीचे, कांद्याचे, चहाचे पॉलिफेनॉल (वनस्पतींतील संयुगांचा एक गट) मुक्त मूलके शमवतात, पेशीची स्वतःची ऑक्सिडीकरणरोधी यंत्रणा जागी करतात आणि दाह निर्माण करणारे संदेश मंद करतात. पेट्रीबशीत हे घडताना दिसते, उंदरांमध्येही दिसते. करक्युमिन दिलेल्या उंदरांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडले की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) कमी चढते आणि नलिकांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अधिक शाबूत दिसतात. हे प्रयोग इतक्या ठिकाणी आणि इतक्या संयुगांवर झाले आहेत की ते सगळे खोटे म्हणण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र त्या प्रयोगांची रचना वाचताना मी प्रत्येक वेळी एका ओळीपाशी अडखळते. प्राण्यांचे वर्णन बहुधा ‘निरोगी, तरुण, नर’ असे असते. म्हणजे त्या उंदराला कर्करोग नसतो. त्याला सिस्प्लाटिनची एकच मोठी मात्रा पोटात टोचली जाते, तीही संयुग काही दिवस आधीपासून खाऊ घातल्यानंतर, आणि तीन ते पाच दिवसांत त्याला मारून मूत्रपिंड तपासले जाते. आपला रुग्ण पन्नाशी-साठीचा असतो, त्याला मधुमेह किंवा रक्तदाब असतो, औषध आठवड्या-तीन आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा मिळते, आणि त्याच्या शरीरात एक गाठ असते जी मरावी म्हणूनच हा सगळा खटाटोप चाललेला असतो. ज्या प्रयोगात गाठच नाही, तो प्रयोग सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर देऊच शकत नाही: या संयुगाने मूत्रपिंडाबरोबर गाठीलाही वाचवले का? सिस्प्लाटिन गाठीतील पेशींना मुख्यतः डीएनए जखडून मारते, पण मुक्त मूलकांचाही त्यात वाटा असतो, आणि रेडिएशनचा तर बराचसा परिणाम त्यांच्यावरच अवलंबून असतो. ती शमवणारा पदार्थ मूत्रपिंडाच्या पेशी तेवढ्या निवडून कामाला लागेल, असे गृहीत धरता येत नाही. गाठ असलेल्या प्राण्यांवर झालेले थोडे प्रयोग दिलासा देणारे आहेत, कारण काही संयुगे गाठीच्या पेशींना उलट अधिक दुबळे करतात असे त्यांत दिसते. परंतु त्यांची संख्या निरोगी उंदरांवरील प्रयोगांच्या तुलनेत फारच कमी आहे.

पेट्रीबशीतील प्रयोगांत आणखी काही खाचा आहेत, आणि त्या प्रयोगशाळेत काम केलेल्यालाच चटकन दिसतात. पेशी किती जिवंत राहिल्या हे मोजण्यासाठी एमटीटी नावाची चाचणी सर्रास वापरली जाते. जिवंत पेशी तिच्यातील पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्यात रूपांतर करतात. क्वेर्सेटिनसारखी संयुगे हे रूपांतर पेशींच्या मदतीशिवाय स्वतःच करू शकतात, म्हणजे पेशी मेलेल्या असूनही रंग जांभळा येतो आणि निष्कर्षात ‘संरक्षण’ असे लिहिले जाते. दुसरी खाच डीएमएसओ या द्रावकाची आहे. पाण्यात न विरघळणाऱ्या वनस्पतिजन्य संयुगांसाठी तो वापरावा लागतो, आणि सिस्प्लाटिनही त्याच द्रावकात विरघळवून ठेवले तर प्लॅटिनमशी त्याचा संयोग होऊन औषध निकामी होते. निकामी औषधापासून पेशी वाचल्या, यात संयुगाचे कर्तृत्व कोणते? गंधकयुक्त संयुगे तर सिस्प्लाटिनला पेशीबाहेरच पकडून ठेवतात. हे कळणे उपयोगाचे आहे, फक्त ते शरीरात गाठीपर्यंत जाणाऱ्या औषधालाही पकडतील याचा विचार आधी झाला पाहिजे.

आता मात्रेचा हिशेब. उंदरांमध्ये करक्युमिनची नेहमी आढळणारी मात्रा किलोमागे 200 मिलिग्रॅम आहे. घुशीच्या आकाराच्या पांढऱ्या उंदराची मात्रा माणसाला लावताना रूढ पद्धतीने तिला 6.2 ने भागतात. त्यानुसार किलोमागे सुमारे 32 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला रोज जवळजवळ 1.9 ग्रॅम करक्युमिन लागेल. हळदीत करक्युमिन साधारण 3 टक्के असते, तेव्हा रोज 60 ग्रॅमहून अधिक हळद पोटात गेली पाहिजे. श्रावणात हळदीच्या पानांतल्या पातोळ्या कितीही खाल्ल्या आणि हुमणात म्हणजे माशाच्या आमटीत कितीही हळद घातली तरी हा आकडा गाठता येणार नाही. शिवाय खाल्लेले करक्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते ते यकृत झटपट बदलून टाकते.

त्यावर तोडगा म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पायपरीन घालतात. 2 ग्रॅम करक्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरीन दिल्यास माणसांत शोषण 2000 टक्क्यांनी वाढते, हे बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली दाखवले, आणि जगभरच्या बाटल्यांवर आजही हाच आकडा मिरवला जातो. पायपरीन हे साधते ते यकृतातील औषधे मोडणारी विकरे (एन्झाइम) अडवून, आणि ती विकरे फक्त करक्युमिन मोडण्यासाठी बसलेली नाहीत. सिस्प्लाटिनबरोबर अनेकदा डोसेटॅक्सेल हे केमोचेच दुसरे औषध दिले जाते आणि ते त्यांपैकीच एका विकराकरवी मोडले जाते. ते विकर अडले तर डोसेटॅक्सेल रक्तात जास्त काळ राहील आणि पांढऱ्या पेशी अपेक्षेपेक्षा खाली जातील. मग डॉक्टर पुढची फेरी लांबणीवर टाकतील आणि कारण कोणालाच कळणार नाही, कारण कॅप्सूलची गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. जेवणातली हळद आणि मिरी यांविषयी मी हे म्हणत नाही, हे स्पष्ट करते. माझा आक्षेप कॅप्सूलला आहे.

करक्युमिनवरचे सारे साहित्य चाळून काही औषधरसायनज्ञांनी 2017 साली एक परखड आढावा प्रसिद्ध केला होता, आणि दुहेरी अज्ञात पद्धतीच्या (कोणाला काय मिळते हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या), प्लासिबो म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी वापरलेल्या एकाही रुग्णचाचणीत करक्युमिन यशस्वी ठरलेले नाही, असे त्यात म्हटले होते. मूत्रपिंडापुरते बोलायचे तर वनस्पतिजन्य संयुगांच्या रुग्णांवरील चाचण्या मोजक्याच आहेत, त्यांतील रुग्णसंख्या लहान आहे आणि त्यांच्या आधारावर उपचार बदलावा असा निष्कर्ष निघत नाही.

येथपर्यंत वाचून एखादी वहिनी म्हणेल की फायदा नसेल तर नसू दे, तोटा तरी काय आहे. मूत्रपिंडाच्या बाबतीत हे म्हणणे सर्वांत धोक्याचे आहे, कारण वनस्पतींमुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. बेल्जियममध्ये 1990 च्या दशकाच्या आरंभी वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली. एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरी वनस्पती मिसळली गेली होती. तिच्यातील आम्ल सिस्प्लाटिनप्रमाणेच नलिकांच्या पेशींना मारते, आणि त्यातल्या अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. याच कुळातली ईश्वरमूळ किंवा सापसंद ही वेल आपल्या सह्याद्रीत उगवते आणि सर्पदंशापासून पाळीच्या तक्रारींपर्यंत घरगुती उपचारांत वापरली जाते. केरळात बिंबलाचा रस कोलेस्टेरॉलसाठी पिऊन मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद 2013 साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सात जणांना डायलिसिस करावे लागले. बिंबलात ऑक्झॅलेट भरपूर असते आणि त्याचे स्फटिक नलिकांत साचतात. माशाच्या आमटीत घातलेली दोन-तीन बिंबले आणि उपाशीपोटी घेतलेला पेलाभर रस यांच्यात फरक आहे तो मात्रेचा. करमल (स्टारफ्रूट) या फळात ऑक्झॅलेटबरोबर मेंदूवर परिणाम करणारे आणखी एक विष असते. ते निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते, पण मूत्रपिंड दुबळे असेल तर उचक्या, भ्रम आणि झटके येऊ शकतात. आपल्या परसात ही दोन्ही झाडे असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पुनर्नवा, गोखरू, गुळवेल यांची नावे मला सर्वांत जास्त ऐकू येतात. पुनर्नवेवर प्राण्यांतील काही आशादायक काम आहे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली आणि आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. तो वाद मी येथे सोडवू शकत नाही, परंतु केमो चालू असताना यकृताचे आकडे चढले तर दोष औषधाचा की वेलीचा हे ठरवणे डॉक्टरांना अशक्य होते, आणि माझ्या मते एवढे एक कारण पुरेसे आहे. धातूंच्या भस्मांविषयी माझे मत याहून कडक आहे. बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले होते, आणि पारा मूत्रपिंडात जाऊन बसतो तो नेमका त्याच नलिकांत, जेथे सिस्प्लाटिन बसते.

मग मूत्रपिंडासाठी घरच्यांनी काय करावे? माझ्या मावसभावाला गालाच्या कर्करोगासाठी रेडिएशनसोबत सिस्प्लाटिन मिळत होते, तेव्हा मी वहिनीला एक वही घालायला सांगितले. रोज किती पाणी प्यायला, किती वेळा उलटी झाली, लघवी किती झाली आणि सकाळचे वजन किती भरले, एवढेच त्यात लिहायचे. सिस्प्लाटिन हे तीव्र उलट्या करवणारे औषध आहे, आणि उलट्यांनी शरीर कोरडे पडले की दवाखान्यात दिलेल्या सलाईनचा फायदा घरी आल्यावर दोन दिवसांत वाहून जातो. म्हणून उलट्यांच्या गोळ्या उलटी होण्याची वाट न पाहता, सांगितल्या वेळी घेणे हे माझ्या दृष्टीने मूत्रपिंडाचे मोठे संरक्षण आहे. तोंड आलेले असेल तर मीठ घातलेली पातळ पेज जाते. आडसराचे म्हणजे शहाळ्याचे पाणी चांगले, पण क्रिएटिनिन वाढलेले असेल तर त्यातील पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीसाठी घरात पडून असलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेऊ नये, कारण ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा नेमका नको त्या वेळी घटवते. कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून टोचायचे द्रव्य) देऊन स्कॅन करायचे ठरले असेल तर केमोची तारीख त्या विभागाला आपणहून सांगावी.

क्रिएटिनिनच्या अहवालाबाबतही थोडे सांगायला हवे. 48 तासांत ते दर डेसिलिटरमागे 0.3 मिलिग्रॅमने वाढले किंवा आठवड्यात दीडपट झाले तर त्याला तीव्र इजा म्हणतात, मग आकडा छापील मर्यादेच्या आत का असेना. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, त्यामुळे जेवण तुटून रोडावलेल्या रुग्णात ते मुळातच कमी दिसते आणि खोटा दिलासा देते. मागच्या अहवालाशी तुलना केल्याशिवाय एकटा आकडा वाचू नये. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम तपासले गेले की नाही हेही विचारावे. सलाईनमधून मॅग्नेशियम देण्याला आज चांगला आधार आहे. काणकोण तालुक्यात तर मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराचे प्रमाण आधीच चिंतेचे आहे आणि त्याचे कारण अजून निश्चित झालेले नाही, तेव्हा त्या भागातील रुग्णांनी उपचारापूर्वीची तपासणी टाळू नये.

मूत्रपिंडासाठी मात्रा कमी करावी हा विचार सोपा वाटतो, परंतु त्याचीही किंमत असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या 300 रुग्णांवर झालेली चाचणी 2018 साली प्रसिद्ध झाली. शरीराच्या दर चौरस मीटरला 100 मिलिग्रॅम सिस्प्लाटिन तीन आठवड्यांनी दिलेल्या गटात रोग जागच्या जागी आटोक्यात राहण्याचे प्रमाण दर आठवड्याला 30 मिलिग्रॅम दिलेल्या गटापेक्षा अधिक होते, आणि दुष्परिणामही अधिक होते. कार्बोप्लाटिन हे प्लॅटिनमचेच दुसरे औषध मूत्रपिंडाला सौम्य आहे, मात्र ते रक्तपेशी अधिक घटवते आणि प्रत्येक कर्करोगात सिस्प्लाटिनची जागा घेऊ शकत नाही. हा तोल कर्करोगतज्ज्ञच सांभाळू शकतो. आपण घरी काय देत आहोत हे त्याला ठाऊक असले पाहिजे, अगदी तो रागावेल अशी भीती वाटली तरीही.

एवढे लिहूनही या संशोधनाविषयी माझे कुतूहल संपलेले नाही, आणि त्याचे एक कारण आपल्या मातीतले आहे. कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचे पॉलिफेनॉल असते. ते मुक्त मूलके शमवते आणि प्रयोगशाळेत काही कर्कपेशींची वाढही रोखते. म्हणजे गाठीला न वाचवता मूत्रपिंड वाचवणारे संयुग शोधायचे असेल तर ते निदान उमेदवार ठरू शकते. सोलकढी प्यायल्याने हे साधेल असे माझे मुळीच म्हणणे नाही. एका पूर्वीच्या विद्यार्थिनीला पुढच्या अभ्यासासाठी विषय हवा होता, तेव्हा मी तिला हाच सुचवला, पण अटी घातल्या: उंदराला गाठ असली पाहिजे, सिस्प्लाटिन एकदम न देता लहान मात्रांत आठवड्या-आठवड्याने दिले पाहिजे, गार्सिनॉल पहिल्या मात्रेनंतर सुरू केलेला एक वेगळा गट असला पाहिजे, पेशींची मोजणी एमटीटीखेरीज दुसऱ्या पद्धतीनेही झाली पाहिजे, आणि शेवटी मूत्रपिंड व गाठ या दोन्हींमधले प्लॅटिनम वेगवेगळे मोजले पाहिजे. मूत्रपिंडातले प्लॅटिनम घटले आणि गाठीतले तेवढेच राहिले, तर ओसीटी-2 चे दार अडले असा तर्क करता येईल. दोन्हीकडचे घटले, तर ते संयुग रुग्णाच्या जवळही नेता कामा नये.